टीव्हीच्या पाठीमागे: चित्राची वाट आणि आवाजाची वाट

गणपतीला आठवडा उरला की मालवण तालुक्यातील आमच्या वाडीत मुंबईहून खोकी उतरू लागतात. चाकरमानी मंडळींपैकी कोणी घरच्यांसाठी नवा टीव्ही आणतो, कोणी साउंडबार म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, कोणी जुन्या टीव्हीला जोडायचा स्ट्रीमिंग बॉक्स, आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री, गणपतीच्या वर टांगायची माटवी बांधून होते न होते तोच शेजारच्या घरातून हाक येते, "चित्र दिसता, पण आवाज खंय गेलो?" अशा हाकांना ओ देऊन देऊन एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. यंत्र बिघडलेले क्वचितच असते. चित्राची वाट वेगळी, आवाजाची वाट वेगळी, आणि प्रत्येक वाटेला एक दिशा असते, एवढे तारा जोडण्यापूर्वी कोणी ठरवलेले नसते. हा लेख प्रथमच जोडणी करणाऱ्यांसाठी आहे आणि कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी वीज, मग कागद

सुरुवात तारेपासून नव्हे, विजेपासून करावी. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि साउंडबार या तिन्हींचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत. रिमोटने बंद केलेला टीव्ही खऱ्या अर्थाने बंद नसतो. कोकणातील जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचा दिसतो, पण त्यातील वरच्या मोठ्या भोकाला अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, असे पुष्कळदा आढळते. अशा घरात सेट-टॉप बॉक्सच्या मागे डिशची केबल फिरवून बसवतात त्या धातूच्या भागाला ओलसर हात लागला, की बोटांना झिणझिण्या येतात. उपकरणाच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर थोडासा प्रवाह बाहेरच्या धातूवर सोडतात आणि त्याला जमिनीत उतरायला वाट नसते, म्हणून हे घडते. तो प्रवाह अगदी किरकोळ असला तरी दोन चालू उपकरणे एकमेकांना जोडताना तो आतील नाजूक चिपमधून वाट काढू शकतो, आणि तसे झाले तर तो पोर्ट, म्हणजे तार खुपसण्याची जागा, कायमचा जातो. झिणझिण्या जाणवत असतील तर जोडणी बाजूला ठेवावी आणि आधी वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घ्यावे.

त्यानंतर टीव्हीची पाठ उजेडाकडे वळवावी आणि मोबाइलवर तिचा एक फोटो काढावा. एकदा टीव्ही भिंतीवर चढला की तो फोटो सोन्याच्या मोलाचा ठरतो. मग कागदावर प्रत्येक उपकरणासाठी एक चौकोन काढावा. चित्र कुठून निघून कुठे जाणार ते एका रंगाच्या पेनाने आणि आवाज कुठून निघून कुठे जाणार ते दुसऱ्या रंगाने, बाणासह दाखवावे. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत दोन्ही बाण एकाच केबलमधून जातात. पण साउंडबार आला की आवाजाचा बाण टीव्हीतून मागे फिरून बाहेर पडतो. बहुतेकांची गफलत इथेच होते. कारण टीव्हीवरील पोर्ट म्हणजे आत जाण्याचे दार, अशीच सर्वांची समजूत असते.

एचडीएमआय: एका केबलमध्ये काय काय असते

आज घरातील जवळजवळ प्रत्येक उपकरणावर जो चपटा, खालचे कोपरे तिरके छाटलेला सॉकेट दिसतो, तो एचडीएमआयचा. हिताची, मात्सुशिता म्हणजेच आजची पॅनासॉनिक, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून हे मानक तयार केले आणि त्याची पहिली आवृत्ती २००२ च्या डिसेंबरात जाहीर झाली. त्याआधी १९९९ मध्ये संगणकाच्या पडद्यांसाठी डीव्हीआय हे मानक आले होते. एचडीएमआयने चित्राची मूळ पद्धत त्यातूनच घेतली आणि तिला आवाजाची जोड दिली. त्यामुळे जुन्या डीव्हीआय पडद्याला साधा अडॅप्टर लावून एचडीएमआयचे चित्र दाखवता येते, आवाजासाठी मात्र वेगळी तार ओढावी लागते.

या सॉकेटात १९ पिना असतात. त्यांतील बऱ्याचशा चित्र आणि आवाज वाहून नेण्यात गुंतलेल्या असतात, परंतु नवख्याला अडवणाऱ्या अडचणी बहुधा उरलेल्या पिनांपाशी निर्माण होतात. केबल जोडताच १९ व्या पिनेवरून टीव्ही "मी इथे आहे" असा संकेत देतो. दोन पिनांवरून तो स्वतःचा परिचय पाठवतो: आपला पडदा किती रेषांचा, कोणते रंग आणि कोणते आवाज आपल्याला पेलतात, असा सर्व तपशील. या परिचयपत्राला ईडीआयडी म्हणतात. आणखी एका पिनेवरून सीईसी चालते, म्हणजे एका रिमोटने दुसरे उपकरण चालवण्याची सोय. तिलाच सोनी ब्राव्हिया सिंक, सॅमसंग एनीनेट प्लस आणि एलजी सिम्पलिंक म्हणते. नावे निरनिराळी असल्यामुळे लोकांना ती वेगवेगळी तंत्रे वाटतात, पण मूळ गोष्ट एकच आहे.

आवृत्त्यांचे आकडे पाठ करण्याची गरज नाही. तीन टप्पे लक्षात ठेवले तरी पुरे. २००९ च्या १.४ आवृत्तीने ४के चित्र, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे, सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत (चित्रांपर्यंत) नेले आणि आवाज टीव्हीतून परत बाहेर पाठवण्याची एआरसी ही सोय आणली. २०१३ च्या २.० आवृत्तीने माहिती वाहून नेण्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत (एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी बिट) वाढवली आणि ४के ६० फ्रेमवर आले. २०१७ च्या २.१ आवृत्तीत ती ४८ गिगाबिट झाली. १२० फ्रेमचे ४के, गेमिंगच्या सोयी आणि एआरसीचे वाढीव रूप असलेली ईएआरसी ही त्या आवृत्तीची देणगी.

१८ हा आकडा कुठून आला, हे एकदा हिशोब मांडून पाहण्यासारखे आहे. ४के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण ८२,९४,४००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर गुणाकार सुमारे ११.९ गिगाबिट येतो. दोन चित्रांमधील आणि दोन ओळींमधील मोकळा वेळ व संकेतनाचा वाढीव बोजा त्यात मिळवला की तो १७.८२ वर जातो. उलट फुल एचडी चित्राला, म्हणजे १९२० गुणिले १०८० ला, याच हिशोबाने ४.४६ गिगाबिट पुरतात. ज्यांच्या घरी केवळ सेट-टॉप बॉक्सवरील मालिका आणि बातम्या पाहिल्या जातात, त्यांना महागडी केबल घेण्याचे कारण का नाही, ते यावरून कळावे.

केबल विकत घेताना

सुपारीच्या बागेत शेवटच्या आळ्याला किती पाणी पोचणार, हे विहिरीवर ठरत नाही. पाट जिथे सर्वांत अरुंद असेल तिथे ठरते. एचडीएमआयचेही तसेच आहे. बॉक्स, केबल, मध्ये अँप्लिफायर असल्यास तो, आणि टीव्हीचा तो विशिष्ट पोर्ट, यांपैकी ज्याची क्षमता सर्वांत कमी, तीच अख्ख्या जोडणीची क्षमता.

दुकानात "टू पॉइंट वनची केबल" मागितली जाते आणि विकलीही जाते. वास्तविक आवृत्तीचा आकडा उपकरणाला लागू होतो. केबलची प्रतवारी वेगाच्या नावाने होते. हाय स्पीड, त्यावर १८ गिगाबिटची खात्री देणारी प्रीमियम हाय स्पीड आणि त्यावर ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड, अशा या प्रती आहेत. शेवटच्या दोन्ही प्रतींच्या वेष्टनावर मोबाइलने तपासता येईल असे प्रमाणपत्राचे लेबल असते. ते असेल तर केबलचे कवच विणलेले आहे की साधे, हा प्रश्न गौण समजावा. लांबी गरजेपुरतीच घ्यावी. दोन-तीन मीटरपर्यंत सहसा काही अडत नाही. पण ओटीवरच्या कपाटातून माजघरातील टीव्हीपर्यंत दहा-बारा मीटर जायचे असेल तर आत काचेचे तंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिचे एक टोक उपकरणासाठी आणि दुसरे टीव्हीसाठी ठरलेले असते, तसे त्यावर छापलेलेही असते; उलटी लावली तर चित्र येत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नव्या ४के टीव्हीवर काही पोर्ट कारखान्यातून साध्या क्षमतेवर ठेवून पाठवलेले असतात. सोनीवर "एन्हान्स्ड फॉरमॅट", सॅमसंगवर "इनपुट सिग्नल प्लस", एलजीवर "डीप कलर" अशा नावांचा पर्याय मेनूत शोधून त्या पोर्टसाठी चालू करावा लागतो. उपकरण जुने असेल तर हाच पर्याय बंद ठेवलेला बरा, कारण काही जुने बॉक्स त्याने गोंधळून काळा पडदा दाखवतात.

काळा पडदा, चांदण्या आणि चौकोन

सर्व जोडून झाल्यावर आधी टीव्ही चालू करावा, योग्य इनपुट निवडावा आणि मग बॉक्स चालू करावा. याने टीव्हीचे परिचयपत्र बॉक्सला सुरुवातीलाच मिळते. चित्राची चोरी होऊ नये म्हणून इंटेलने विकसित केलेली एचडीसीपी ही कुलूपकिल्लीची तपासणीही याच वेळी होते. ४के चित्रपटांना सहसा तिची २.२ आवृत्ती लागते. मध्ये जुना होम थिएटरचा अँप्लिफायर बसवलेला असेल आणि त्याला ती आवृत्ती ठाऊक नसेल, तर चित्र एकतर उतरून फुल एचडी होते किंवा येतच नाही. अशा वेळी अँप्लिफायर टाकून देऊ नये. बॉक्स थेट टीव्हीला जोडावा आणि अँप्लिफायरला फक्त आवाज पाठवावा. त्याची रीत पुढे सांगितली आहे.

चित्र बिघडले तर ते कसे बिघडते आहे ते आधी निरखून पाहावे. पडद्यावर बारीक पांढऱ्या चांदण्या लुकलुकत असतील तर एचडीएमआयची केबल कमी पडते आहे किंवा सैल बसली आहे. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळत असेल आणि हे राहून राहून होत असेल, तर ओळखीची देवाणघेवाण तुटते आहे. चित्राची फ्रेमसंख्या किंवा रेषांची संख्या बॉक्सच्या मेनूतून एक पायरी कमी करून पाहावी. चित्राचे चौकोन पडून ते गोठत असेल, तर बॉक्सचा मेनू उघडावा. मेनूची अक्षरे स्वच्छ दिसली म्हणजे टीव्ही आणि एचडीएमआय दोघेही निर्दोष आहेत. बिघाड डिशकडून बॉक्सकडे येणाऱ्या संदेशात आहे. आषाढातल्या झडीत हे होणारच, कारण घरगुती डिश ज्या लहरींवर चालतात त्या लहरी दाट पाऊस शोषून घेतो. त्यासाठी महाग केबल आणणे म्हणजे पैसे वहाळात सोडणे होय. पाऊस थांबूनही चौकोन जात नसतील तर मात्र डिशच्या छत्रीपाशी केबलच्या टोकात पाणी शिरले आहे का, ते पाहावे.

आवाज परत कसा फिरवावा

साउंडबारच्या मागे एचडीएमआयचा एक सॉकेट असतो आणि त्याशेजारी एआरसी किंवा ईएआरसी अशी अक्षरे असतात. टीव्हीवर तीन-चार एचडीएमआय सॉकेट असले तरी ही अक्षरे सहसा एकाच सॉकेटपाशी असतात. या दोन सॉकेटांनाच एकमेकांशी जोडायचे. दुसऱ्या कोणत्याही पोर्टमध्ये तीच केबल घट्ट बसते, टीव्ही काही तक्रारही करत नाही, फक्त आवाज येत नाही. शेजारच्या वहिनींच्या घरी चतुर्थीच्या आदल्या रात्री नेमके हेच झाले होते. टीव्ही भिंतीला इतका चिकटवून बसवलेला होता की अक्षरे वाचण्यासाठी मागे मोबाइल सरकवून फोटो काढावा लागला.

केबल योग्य जागी गेल्यावर टीव्हीच्या मेनूत तीन गोष्टी तपासाव्यात. सीईसी चालू आहे का, कारण बहुतेक टीव्हींवर त्याशिवाय एआरसी जागे होत नाही. आवाजाचे आउटपुट टीव्हीच्या स्पीकरऐवजी बाहेरच्या साउंड सिस्टिमकडे वळवले आहे का. आणि डिजिटल आवाजाचा प्रकार कोणता निवडला आहे. तिथे सामान्यतः पीसीएम, ऑटो, पास थ्रू असे पर्याय दिसतात. पीसीएम म्हणजे उलगडलेला सरळ आवाज, जो जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळतो. ऑटो किंवा पास थ्रू निवडल्यास डॉल्बीचा गुंडाळलेला, म्हणजे जागा वाचवण्यासाठी आवळलेला, आवाज जसाच्या तसा साउंडबारकडे जातो आणि तो उलगडण्याचे काम साउंडबार करतो. प्रथम पीसीएमवर आवाज येतो याची खात्री करावी, मग पर्याय बदलून पाहावा. वाट बरोबर आहे हे एकदा सिद्ध झाले की पुढची शोधाशोध निम्म्याने कमी होते.

एआरसी आणि ईएआरसी यांतील फरक क्षमतेचा आहे. एआरसीमधून स्टिरिओ किंवा गुंडाळलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) आवाज जातो. स्ट्रीमिंगवरील डॉल्बी अॅटमॉस, म्हणजे वरूनही आल्यासारखा वाटणारा आवाज, हाही सहसा डॉल्बी डिजिटल प्लसच्या वेष्टनात येतो, त्यामुळे टीव्ही आणि साउंडबार दोघांची तयारी असेल तर तो एआरसीतूनही पोचतो. ब्लू-रे तबकडीवरील अजिबात न छाटलेला ट्रूएचडी आवाज हवा असेल तरच ईएआरसी आवश्यक ठरते. घरात ब्लू-रे प्लेअर नसताना केवळ या अक्षरासाठी टीव्ही बदलणे मला तरी उधळपट्टी वाटते.

आता ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही जोडणी आजही बहुतेक टीव्हींवर आहे आणि एआरसी रुसले की तीच कामाला येते. हिच्यात विजेऐवजी लाल प्रकाश वाहतो, त्यामुळे अर्थिंग नसलेल्या घरात जी घूं घूं ऐकू येते ती या वाटेने येऊच शकत नाही. सॉकेट चौकोनी असतो, वरचे दोन कोपरे छाटलेले, आणि त्यावर पापणीसारखे लहानसे झाकण असते. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात. त्या इतक्या स्वच्छ आणि घट्ट असतात की त्या केबलचाच भाग वाटतात. नवखा माणूस टोपीसकट केबल दाबतो, ती आत जात नाही, आणि जोर लावला की सॉकेटची पापणी तुटते. नखाने टोप्या ओढून काढाव्यात, टीव्ही चालू करून केबलचे एक टोक टीव्हीत बसवावे आणि दुसरे टोक तळहातावर धरावे; तिथे लाल ठिपका पडला म्हणजे आवाज टीव्हीतून निघाला आहे. ही केबल काटकोनात मुडपू नये, आतला तंतू मोडतो आणि बाहेरून काही दिसत नाही. या वाटेने स्टिरिओ पीसीएम किंवा गुंडाळलेला ५.१ जातो, त्याहून अधिक नाही. शिवाय टीव्हीच्या रिमोटने सहसा आवाज कमी-जास्त होत नाही; साउंडबारचा रिमोट हाताशी ठेवावा लागतो.

भजनासाठी घेतलेला जुना स्टिरिओ अँप्लिफायर अनेक घरांत अजून सांभाळून ठेवलेला असतो. त्याला लाल-पांढऱ्या पिनांचे सॉकेट असतात आणि डिजिटल आवाज त्याला कळत नाही. अशा वेळी ऑप्टिकलमधून येणारा आवाज साध्या आवाजात बदलणारी लहानशी डबी मध्ये बसवावी लागते. तिला डीएसी म्हणतात. येथे टीव्हीचे आउटपुट पीसीएमवरच ठेवावे. ऑटोवर ठेवले की साध्या डबीला डॉल्बी उलगडत नाही आणि स्पीकरमधून एकतर शांतता येते किंवा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखडाट.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, अशी तक्रार असेल तर टीव्हीवरील आवाजाचा प्रकार पास थ्रू करून पाहावा. उलट शब्द आधी येत असतील तर साउंडबारच्या मेनूतील विलंब थोडा थोडा वाढवत न्यावा.

जुन्या पिवळ्या पिना

पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची, हे अजून पुष्कळांना पाठ आहे. नव्या टीव्हीवर त्या तीन भोकांच्या जागी अनेकदा हेडफोनसारखे एकच भोक असते आणि सोबत अडॅप्टर येतो. त्या पिनेवरील कड्यांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नाही. त्यामुळे दुसऱ्याचा अडॅप्टर लावून चित्र आले नाही, तर टीव्ही बिघडला असे न समजता पिवळीची जागा लाल पिनेला देऊन पाहावे. हिरवी, निळी आणि लाल असा संच असेल तर तो कंपोनंट. तिन्ही तारा चित्राच्याच असतात आणि आवाज वेगळा न्यावा लागतो. जुना व्हीसीडी प्लेअर एचडीएमआयला जोडणारी डबी मिळते, पण तिने चित्र सुधारत नाही. मूळच्या अस्पष्ट चित्राचा फक्त दरवाजा बदलतो.

खारी हवा आणि वीज

समुद्राजवळच्या घरांत जोडणीचा खरा शत्रू मीठ आहे. दोन पावसाळे काढलेली केबल ओढली की टोकाच्या धातूवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते, आणि ती पिनांपर्यंत पोचली की चांदण्या सुरू होतात. सुती कापड किंवा कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टोक पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. सॉकेटात काडी खुपसू नये, आतल्या पिना वाकतात. रिकाम्या पोर्टांना रबराची झाकणे मिळतात, ती बसवावीत. मुंग्यांनाही त्यामुळे आळा बसतो.

मे महिन्याच्या अखेरीस आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा बहुतेक घरांत टीव्हीचा प्लग काढला जातो. डिशची केबल मात्र तशीच बॉक्सला जोडलेली राहते. जवळ कुठे वीज पडली की तिचा धक्का छपरावरच्या छत्रीतून त्या केबलने बॉक्समध्ये आणि तेथून एचडीएमआयने टीव्हीत उतरू शकतो, मग प्लग काढलेला असो वा नसो. स्टॅबिलायझर येथे उपयोगाचा नाही, तो वेगळ्या वाटेवर उभा आहे. म्हणून आभाळ गडगडण्यापूर्वीच प्लग, डिशची केबल आणि घरात ब्रॉडबँडची तांब्याची तार असेल तर तीही काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नये.

घर बंद करून मुंबईस परतणाऱ्यांनी सर्व केबली काढाव्यात, प्रत्येकीला कोणत्या पोर्टची ते लिहिलेली चिकटपट्टी लावावी आणि सुरुवातीला काढलेल्या कागदासह हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, कपाटात ठेवाव्यात. पुढच्या गणपतीला येऊन जोडताना प्रत्येक केबल वीज बंद असतानाच दोन-तीनदा आत-बाहेर करावी. पिनांवर धरलेला पातळ थर तेवढ्याने घासला जातो, आणि मग टीव्ही आधी, बॉक्स नंतर, याच क्रमाने सुरू करावे.